दादाच्या नावावरचा श्वास

४ फेब्रुवारी
कारखान्याचं दिवाळं निघालं. दादा गेल्यावर वहिनीने लावलेला नुकसानभरपाईचा दावा आजपासून जागच्या जागी थांबला. ब्रेकच्या पट्ट्या घासता घासता एकवीस वर्षं त्याच्या फुप्फुसांत धूळ साचली, ती मात्र कुणी थांबवली नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, "आता तो दावा चालणार नाही. अवसायकाकडे अर्ज करायचा." म्हणजे बुडालेल्या कंपनीची आवराआवर करायला नेमलेला गृहस्थ. शब्द भारदस्त आहे. मला संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांना आवडला असता.
वहिनी एवढंच म्हणाली, "मग आता भांडायचं कुणाशी, भाऊजी?"

७ फेब्रुवारी
रांग समजली. पुढे बँका, मग बाकीचे, पार शेवटी वहिनी. तिची पाळी येईतो कंपनीच्या खुर्च्याही उरणार नाहीत. पण वकीलबाईंनी एक फट शोधली — कंपनीने कामगारांसाठी विमा उतरवला होता. कंपनी बुडाली तरी विमावाले ठणठणीत. विमा पाच वर्षांपूर्वी संपला. दुखणं त्याआधी लागल्याचा पुरावा हवा. मुदत अठ्ठावीस तारखेची.

८ फेब्रुवारी
आमच्या वर्तमानपत्रात यावर लिहितो म्हटलं. संपादक म्हणाले, "घरचं प्रकरण, तुम्ही नको." बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची प्रकरणं लिहिली, तेव्हा चालत होतं.

१३ फेब्रुवारी
वहिनीला घेऊन अवसायकाच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस. स्वतःहून दादाची फाइल काढून दिली. तीत सहा वर्षांपूर्वीच्या तपासणीचा कागद: फुप्फुसं उत्तम, वयाच्या मानाने असाधारण. कारकून हळहळला. "ताई, इतकी चांगली छाती होती हो त्यांची. नंतरच काहीतरी झालं असणार."
विमावालेही हेच म्हणणार. वहिनी कागदाकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर.

१४ फेब्रुवारी
ती छाती माझी होती.
लिहूनच टाकतो. तपासणीची गाडी बाहेरगावची; बिल्ला बघायची, चेहरा नाही. नळीत फुंकून नापास झालेल्याला घरी बसवत. म्हणून खोकणारे लोक भावाला, मेहुण्याला बिल्ला लावून पाठवत. अख्ख्या विभागाला हे ठाऊक होतं. दादा म्हणाला, "तुझं संस्कृत एकदा तरी कामी येऊ दे." लहानपणापासून शार्दूलविक्रीडित एका दमात म्हणणारा मी — असा फुंकलो की तपासणारा म्हणाला, "काका, तुम्ही शंभरी गाठणार." घरी येऊन सांगितलं, तर दादा खोकेपर्यंत हसला.
आणि पुढे चार वर्षं घासत राहिला.

१९ फेब्रुवारी
वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रतिज्ञापत्र करा. तो श्वास तुमचा ठरला की तो कागद निकालात निघाला. शिवाय दुसऱ्याला पाठवावं लागलं, म्हणजे ते तेव्हाच आजारी होते. मात्र फसवणूक तुमच्या नावावर लागेल, नोकरीवरही येईल. आणि वहिनींना आधी सांगा. माझ्याकडून कळायला नको."
नोकरीचं बघून घेईन. वहिनीला कुठल्या तोंडाने सांगू?

२३ फेब्रुवारी
दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. एकदा भाजी देऊन परत आलो.

२६ फेब्रुवारी
सांगितलं. वहिनी शर्टाला बटण लावत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "तुम्हाला पाठवा हे मीच सुचवलं होतं, भाऊजी. ते नको म्हणत होते. त्यांना घरी बसायचं होतं. त्या प्रतिज्ञापत्रात माझंही नाव घाला."