मेंढ्या बसायच्या त्या जागेवरचे वेल

माय, तुझ्या मेंढ्या बसायच्या त्या जागेवरचे वेल परवा काढले. मीच काढायला सांगितले. सकाळी जेसीबी लागला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बागेचा खालचा सगळा तुकडा मोकळा झाला. तारा गुंडाळल्या, लोखंडी अँगल उपसून शेडला टेकवले, खोडं बांधावर रचली. कागदावर सही माझी आहे. ती सही केल्यापासून तुझ्याशी बोलायची राहिलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तू असतीस तर कदाचित अजूनही बोलले नसते.

मला ही नोकरी लागली तेव्हा आपण शहरात, छावणी भागात, एक खोली भाड्यानं घेतली होती. बा जाऊन वर्ष झालं होतं, मेंढ्या चुलत्याच्या कळपात गेल्या होत्या, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा फरशीवर झोपत होतीस. पहाटे उठून दार उघडायचीस आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसायचीस. मी विचारलं, काय बघतेस? म्हणालीस, "कायबी नाय. बघाया कायबी नाय, त्येच बघते." मी शेतकी पदवी घेतलेली, दौलताबादच्या अलीकडं डोंगराच्या उतारावर असलेल्या एका द्राक्षबागेत रुजू झालेली. ही द्राक्षं खायची नव्हती, वाईनची होती. हे तुला सांगताना मी घाबरले होते. तू एवढंच विचारलंस, "झाडाला ठावं असतं का गं, आपलं पुढं काय करणार हायेत ते?"

त्या वेळी मला वाटायचं, मी शिकलेली आणि तू अडाणी. आता आठवतं ते पालावरचं तुझं दूध बघणं. चहा ठेवण्याआधी तू दुधाचा एक थेंब तळहातावर घ्यायचीस, जिभेला लावायचीस आणि बाच्याकडं बघायचीस. "काल वढ्याकाठाला चारल्या व्हय?" बा चपापायचा. "तुला कुणी सांगितलं?" "दुधानं." ओढ्याकाठी हिरवं लुसलुशीत गवत होतं, बाला तिथं सावलीत झोपता यायचं, आणि त्या दिवशी चरवी भरायची. पण चहा फिक्का व्हायचा. माळावरच्या कुसळी गवतावर फिरलेल्या मेंढीचं दूध कमी यायचं आणि बोटाला चिकटायचं. मेंढी तीच, गवत निराळं, की दूध निराळं. पुढं परदेशातून आलेल्या एका तज्ज्ञानं दोन तास चित्रं दाखवून आम्हांला हेच समजावलं: वेल तोच, जमीन निराळी, की वाईन निराळी. सगळे लिहून घेत होते. मी पेन खाली ठेवून तुझा तळहात आठवत होते.

पण ते पुढचं. रुजू झाल्यावर माझं पहिलं काम होतं मातीचा अहवाल. बाग एकाच जातीची, एकाच आठवड्यात लावलेली. वरचा निम्मा भाग म्हणजे माळ, वीतभर माती आणि खाली मुरूम. खालचा निम्मा नाल्याच्या कडेला, काळा आणि खोल. खाली माल दुप्पट यायचा. मालक बिडकीनकडच्या शेतीवाल्या घरातले, शहरात बांधकामाची कामं घेणारे. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, वरचा तुकडा फिजूल आहे. दगडाला पाणी पाजतोय आपण. तुमचा रिपोर्ट येऊ द्या, मग काढून टाकू." माझ्या नेमणुकीचे पहिले सहा महिने कच्चे होते. मला लवकर काहीतरी करून दाखवायचं होतं. सातबाऱ्यावर दोन्ही तुकड्यांचा गट नंबर एकच होता, म्हणून मी नमुनाही एकच केला. पंधरा जागांहून माती गोळा केली, घरी आणली आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर ओतली.

तू नळावरून पाणी घेऊन आलीस. परातीतल्या पिठाशेजारी माती बघून आधी हसलीस. मग घागर ठेवून उकिडवी बसलीस आणि मी काय करते ते बघू लागलीस. मी ढीग सारखा केला, त्याचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेले पुन्हा कालवले, पुन्हा चार भाग केले. अर्धा किलो उरेपर्यंत असं करायचं असतं. तू बोट घालून माती चोळलीस.

"किती जागची हाय ही?"

"पंधरा. सगळ्या बागेची."

"अन् कालवली?"

"असंच असतं माय. पुस्तकात आहे."

"पन्नास मेंढरांचं दूध एका चरवीत काढलंस, तर कोणती आजारी हाय ते तुझं पुस्तक सांगंल का?"

मी चिडले. पुस्तकानंही दोन तऱ्हेची जमीन वेगळी घ्यायला सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच जास्त चिडले. भाकरी न खाता पिशवी बांधून निघून गेले. अहवाल आला. सगळं मध्यम. वरच्या जमिनीचं खरं काय, खालच्या जमिनीचं खरं काय, दोन्ही त्या "मध्यम"मध्ये बुडून गेलं होतं. मी लिहून दिलं की मातीत दोष नाही, वरच्या भागात दगडामुळं उत्पन्न कमी, काढणीनंतर तो काढायला हरकत नाही. मालक खूश झाले.

काढणीच्या आधी पंधरा दिवस तू हट्ट धरलास, म्हणून मी तुला स्कूटीवर मागं बसवून बागेत नेलं. फाटक ओलांडून खालच्या तुकड्यात आलो तशी तू थांबलीस. नाला बघितलास, पलीकडचं लिंबाचं झाड बघितलंस. "अगं, ही तर आपली जागा!" तू एकदम तरुण दिसायला लागलीस. जमीन आधीच्या मालकाकडं होती तेव्हा दर साली सुगीनंतर इथं आपला मुक्काम असायचा. रान खतवायला मेंढ्या इथंच बसवायच्या, वाघरीचं जाळं लावून. मी चार-पाच वर्षांची असेन. तू पायानं ढेकूळ फोडलंस आणि म्हणालीस, "आपल्या मेंढरांच्या लेंड्या हायेत हिच्यात. इतकी काळी काय उगंच हाय?" आणि मग एक गोष्ट सहज सांगितलीस, जी माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितली नव्हती: थंडीत इथं गारठा साचतो, पहाटे मेंढ्या उठायच्या आणि सगळ्या माळाकडं तोंड करून उभ्या राहायच्या.

तू खालचे मणी तोडून खाल्लेस. मग वर चढलीस, वरचे खाल्लेस. बिया थुंकल्या नाहीस, चावल्यास. मालक तेवढ्यात आले. मी ओळख करून दिली. ते हसून म्हणाले, "काय मावशी, कशी आहेत आमची द्राक्षं?"

"मालक, रागावू नगा. खालची बघाया नवरी, अन् तोंडात घातली की नुसतं पाणी."

"आणि वरची?"

"वरची सासू हाय. बोलती कमी, पण ध्यानात र्‍हाती."

मालक पोट धरून हसले. मी हसू शकले नाही, कारण तेव्हाच मीही वरचा मणी तोंडात टाकला होता. उतरताना मी विचारलं, "पण माय, जागा एवढी चांगली, तर द्राक्षं पाणचट कशी?" तू लगेच म्हणालीस, "वेलच नादार हाय." मी म्हटलं, वेल वर-खाली एकच आहे. तू जराही विचार न करता म्हणालीस, "मग माणूस चुकत असंल. ती जागा नाय चुकायची."

दुसऱ्या दिवशी मी दोन खड्डे घेतले, छातीएवढे. ते खड्डे मी कधी विसरणार नाही. वरच्या खड्ड्यात वीतभर तांबूस माती, मग मुरूम, मग फुटका काळा दगड, आणि त्या दगडाच्या भेगाभेगांतून मुळं पार तळापर्यंत गेलेली. काही मुळं चेपून कागदासारखी चपटी झाली होती, पण थांबली नव्हती. खालच्या खड्ड्यात मुळं वरच्या दोन वितींतच लोळत होती. खाली जायची त्यांना गरजच नव्हती. मग सगळं समोर उभं राहिलं. वरचा वेल तहानलेला, म्हणून पानं मोजकी, मणी लहान, साल जाड. आणि वाईनचा रंग, वास, तुरटपणा सगळा त्या सालीत. वारा लागतो, दव लवकर उडतं. खालच्या वेलाला पाणी आणि खत इतकं, की तो पानांतच रमतो. घड सावलीत, मणी फुगलेले, वास ओल्या पाल्याचा. माती मुळातच खोल होती तिथं, पण तिला तुझ्या मेंढ्यांनी कितीतरी वर्षं खाऊ घातलेलं होतं. ज्वारीसाठी ती जागा सोन्यासारखी. वाईनच्या वेलासाठी ती फार लाडाची.

मी मालकांकडं जाऊन म्हटलं, "माझा अहवाल चुकलाय. वरचा तुकडा काढू नका."

"मॅडम, तुम्हीच लिहून दिलंत ना? आता कुणाचं ऐकू?"

"खड्ड्यात उतरून बघा."

ते पांढरे बूट घालून उतरले. एक मूळ धरून ओढलं, ते हललं नाही. वर येऊन पँट झटकली. "एक छोटी टाकी देतो. वरचा माल वेगळा करा. एकच वर्ष. जमलं नाही तर वेल पण जातील आणि तुम्ही पण." मग जाता जाता विचारलं, "हे सुचलं कसं?" मी म्हटलं, आईनं सांगितलं. "मग मावशीलाच ठेवायला पाहिजे होतं," म्हणाले.

त्या रविवारी तू एकटी गुलमंडीच्या बाजारात गेलीस आणि दोन पंचे घेऊन आलीस, एक लाल काठाचा, एक निळ्या काठाचा. माझ्यापुढं टाकलेस. "लाल माळाचा, निळा खालचा. पुन्यांदा कालवू नगंस." माझ्या चुकीबद्दल तू पुन्हा कधीही बोलली नाहीस. मी मात्र आजही नव्या मुलींना नमुना घ्यायला शिकवते तेव्हा पहिल्यांदा दोन कापडं मागवते.

पुढच्या वर्षी टाकीतून काढलेली दोन्हीकडची वाईन मी बाटल्यांत घरी आणली. वरची चांगली झाली होती, हे मला कळलं होतं, मालकांनाही कळलं होतं, वेल वाचले होते, मीही. तरी तुला चाखवल्याशिवाय मला ते खरं वाटेना. स्वयंपाकाच्या त्याच कोपऱ्यात दोन स्टीलचे पेले ठेवले. तू पदरानं तोंड पुसलंस आणि एकेक घोट घेतलास.

"दोन्ही कडूच. औषधावानी."

"अगं, नीट बघ."

पुन्हा घेतलंस. डोळे मिटलेस, दूध बघताना मिटायचीस तसे. मग एका पेल्याला बोट लावलंस. "ह्ये लगीच जातंय." दुसरा पुढं सरकवलास. "ह्ये मागं र्‍हातंय." आम्ही त्यासाठी परीक्षा देतो, माय. तू फरशीवर बसून, खोकत खोकत, दोन घोटांत सांगितलंस. मग विचारलंस, "मागं र्‍हाणारं कुठलं गं?"

तुझा खोकला तेव्हा वाढलेला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. तू माझ्याकडं बघत होतीस, आणि मला त्या नाल्याकाठी ढेकूळ फोडणारा तुझा पाय दिसत होता. मी म्हटलं, "खालचं. आपल्या मेंढ्या बसायच्या तिथलं."

"व्हय?" तू पेला उचललास आणि पुन्हा एक घोट घेतलास. मग हसलीस. "मेंढरं लई गुणाची हुती माझी." पेला रिकामा केलास आणि भाकरी थापायला उठलीस. पावसाळा संपायच्या आत तू गेलीस.

त्या माळावरची वाईन आता लोक नाव घेऊन मागतात. पाहुणे आले की मी त्यांना वर नेते, मुरूम हातात देते, आणि तुझं नवरी-सासूचं वाक्य सांगते, सगळे हसतात. खालच्या तुकड्यावर मी वर्षानुवर्षं सगळे उपाय केले. पाणी तोडलं, पानं काढली, खत बंद केलं. खरं म्हणजे तो तुकडा पाच-सहा वर्षांतच काढायला हवा होता. माझ्याच्यानं सही होत नव्हती. आता तिथं मका आणि ज्वारी घ्यायची ठरली आहे. ज्वारी जोरात येईल. तू म्हणाली होतीस तेच खरं ठरलं, जागा चुकली नव्हती, माणसानं तिथं भलतंच लावलं होतं.

हे पत्र निळ्या काठाच्या पंचात गुंडाळून ठेवणार आहे. विरून गेला आहे तो, पण त्याचं काम आता संपलं. एकच गोष्ट मला अजून कळलेली नाही. ज्या जिभेनं बाची एकही लबाडी सुटू दिली नाही, तिनं त्या दिवशी माझी ओळखली होती का? तो जास्तीचा घोट तू कशासाठी घेतलास?

वरचं होतं ते, माय. माळावरचं.