जुळलेली दोन बोटं

८ ऑक्टोबर २०१३, जिझान

खलास! ईदनंतर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. नव्या कायद्याने गोदामातली माझी जागा आता उसामाची. फरसान बेटावरचा सौदी, पोरगा गोड आहे. पण त्याला काम शिकवायचं कुणी? मीच! राग येतो, त्याच्यावर मात्र काढता येत नाही.

९ ऑक्टोबर

बाणकोटला फोन. नोकरीचं ऐकून अफशाँ खर्चाचा हिशोब मांडू लागली. मग दादीने फोन ओढून घेतला. माझी बायको चिंतेत, आणि नव्वदीच्या दादीचा प्रश्न तोच — "इब्राहीम, तुज्या आजोबाचा काय कलला?"

चाळीस साली तिचा नवरा कादिर याच तांबड्या समुद्रात गेला. जहाज इंग्रजांचं, बाँब इटलीचा. समोर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मसावात तेव्हा इटलीचं राज्य होतं. भांडण दोन गोऱ्या सरकारांचं आणि भट्टीत कोळसा टाकायला आमचा माणूस! अब्बा तेव्हा पोटात. मय्यत मिळाली नाही, म्हणून दादी इद्दतला, विधवेच्या ठराविक मुदतीच्या एकांताला, बसलीच नाही. हातात बांगड्या अजून आहेत. त्याच्या नावाने फातेहा पढू देत नाही.

१७ ऑक्टोबर

उसामाने ईदला घरी नेलं, बोटीने फरसानला. कॉफी घ्यायला हात पुढे केला, तर त्याच्या आजोबांनी मनगटच धरलं! माझी करंगळी आणि शेजारचं बोट जन्मापासून जुळलेली. अब्बांचीही तशीच होती, कादिर आजोबांचीही.

म्हातारबाबा बोलत होते, उसामा समजावून सांगत होता. लढाईत एक जहाज जळालं, माणसं वाहून किनाऱ्याला लागली. हे म्हातारबाबा तेव्हा लहान. त्यातल्या एकाचा हात हुबेहूब असा. दंडाला ताईत होता, म्हणजे मुसलमान, म्हणून गावाने जनाज्याची नमाज पढून माती दिली.

कबर पाहिली. चार दगड आणि वाळू. खूप रडलो.

१८ ऑक्टोबर

दादीला सांगू की नको? उसामा म्हणतो, सांग. मलाही वाटतं, म्हातारी वाट बघतच गेली तर?

१९ ऑक्टोबर

सांगितलं. "माती कोनी दिली? जनाजा पढले?" एवढंच विचारलं. हो म्हटलं, तर फोन अफशाँकडे दिला. चला, सुटली बिचारी. नोकरी गेली, पण एक काम तरी झालं इथे.

२१ ऑक्टोबर

अफशाँचा फोन. दादीने बांगड्या उतरवल्या, पांढरी ओढणी घेतली, आतल्या खोलीत इद्दतला बसली. मौलवींनी समजावलं, एवढ्या वर्षांनी गरज नाही, मुदत केव्हाच संपली. दादी म्हणाली —

"माजा घोव परवा मेलाय."