तीनपैकी कोणत्याही दोन

ज्ञानाने थोर (वयाने नव्हे) अशा मेहुणेबुवांस दाजींचा कोपरापासून नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असणारच. उपदेश करणाऱ्याला सहसा काही होत नाही. इकडची खुशाली म्हणजे आपल्या लाँड्रीचं शटर. तुम्हाला दुकानात भागीदार करून घ्यायचं का, हे मी आज तुमच्या बाबांना सांगायचं होतं. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते ऐका.

रस्त्यावरची केबल जोडताना वीजवाल्यांनी वायरींचा क्रम बदलला आणि शटरची मोटर उलटी फिरू लागली. ‘वर’ दाबलं की खाली, ‘खाली’ दाबलं की वर. तुम्ही फोनवर म्हणालात, “दाजी, तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा, मोटर दिशा बदलते. पोरखेळ आहे.” बाहेरच्या डब्यातला मेन स्विच पाडून मी केली, आणि मोटर सुतासारखी सरळ आली. मी खुशीत शटर लावून आत डबा खायला बसलो. पण दाजींच्या हाताचा काय भरवसा, म्हणून तोच पोरखेळ तुम्ही तुमच्या ताईलाही सांगून ठेवलात. मी जेवतोय तोवर तिने बाहेरून गुपचूप पुन्हा दोन वायरी बदलल्या, म्हणजे मोटर परत उलटी. (तुमच्या घराण्यात एकमेकांना विचारायची पद्धत नाही, हे मला लग्नाच्या वेळीच कळायला हवं होतं.)

जेवून मी ‘वर’ दाबलं, तर जमिनीला टेकलेलं शटर आणखी खाली निघालं. तळाशी मोटर थांबवणारा स्विच ‘खाली’च्या बटणाचं तेवढं ऐकतो, ‘वर’शी त्याची ओळखही नाही. पट्ट्या दुमडल्या, तो स्विच कायमचा निकामी झाला (आता तो कुणालाच थांबवत नाही), मोटर गुरगुरली, तापली आणि बंद पडली. मी रागाने ठोसा मारला, तर आतल्या बटणांची पेटीच हातात आली.

तेव्हा भागीदारी विसरा. एका दुकानात एवढं ज्ञान परवडत नाही.

आपला,
दाजी

ता.क. : मी अजून आतच आहे. हा कागद फटीतून बाहेर देतोय. फोन ताईकडे आहे, ती तुम्हाला वाचून दाखवेल. शेजारी तुमचे बाबा उभे आहेत, हे आत्ता कळलं.

ता.क. २ (दुसरा कागद, त्याच फटीतून) : बाबांनी ऐकलं. मोटर आता निवली आहे आणि बाहेरचं बटण त्यांच्या बोटाखाली आहे. ते शांतपणे विचारतायत, “जावईबापू, उत्तर तेच ना?”

ता.क. ३ : फिरती मोटर एकदम उलटवू नये, आधी थांबू द्यावी, हे तुमचंच वाक्य. मी पुष्कळ थांबलो. उद्यापासून भागीदार म्हणून या, स्क्रूड्रायव्हर मात्र घरी ठेवा. आणि बाबांना लगेच सांगा, ‘वर’ नाही, ‘खाली’ दाबायचं. माझं ते ऐकत नाहीत.