अमेरिकन शिपायांच्या बारा वह्या

मी, बाळकृष्ण सीताराम नाचणकर, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त कामगार, राहणार अंबरनाथ (पूर्व), पूर्ण शुद्धीत आणि पुरेपूर रागात हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग शाबूत असल्याला दाखला लागत नाही, खाली वाचावे. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी माझे कान भरून हे लिहून घेतले असा आक्षेप कोणाला घेता येणार नाही.

१. आधी कान, कारण बाकी सगळे तिथून सुरू होते. मी दारूगोळ्याच्या चाचणीवर होतो. कानांवर घालायचे टोप मिळत. ते आम्ही खुंटीला टांगून ठेवत असू. जो घालील त्याला "नवरीबाई" म्हणत. बार नीट उडाला की फुसका, हे नुसत्या कानाने सांगण्यात आमची सगळी मर्दुमकी. चौतिसाव्या वर्षी कान गेले. भरपाई मागितली नाही, कारण टोप खुंटीवरच होता. हा मूर्खपणा माझा स्वतःचा आहे आणि तो मी कोणालाही ठेवून जात नाही.

२. माझ्याजवळ अमेरिकन शिपायांच्या युद्धपटांच्या पेटीभर कॅसेटी आणि दोन खोके डीव्हीडी आहेत. आयुष्यभर गोळे तपासले, पण गोळा पडतो तिथे पुढे काय होते ते कधी पाहिले नव्हते. आपल्या सिनेमातला जवान गोळी लागल्यावरही गातो. अमेरिकन शिपाई चिखलात बसून राहतो आणि शेजारच्याशी काहीतरी बोलतो. ते काय बोलतात, एवढेच मला हवे होते. उल्हासनगरचा सिंधी कॅसेटवाला मला पाहिले की पावतीच्या पाठीवर लिहून दाखवी, "साईं, नया फौजीवाला आया है." देव त्याचे भले करो. या यादीत ज्याच्यावर राग नाही असा तो एकटाच.

३. माझी दिवंगत पत्नी कुमुदिनी जुनी अकरावी शिकलेली. दर रविवारी ती वही घेऊन माझ्या शेजारी बसे आणि शिपाई बोलतील ते मराठीत लिहून दाखवी. १९८८ ते २००६ या काळात अशा बारा वह्या झाल्या. सार्जंट नव्या पोराला म्हणतो, "पाय ओले ठेवू नकोस, ताप येईल." खंदकातला एक म्हणतो, "आज घरी आंबोळ्या असतील." पोटात गोळी लागलेला म्हणतो, "आईला सांगा, दुखलं नाही." त्या वाक्याला मी दर वेळी रडलो आहे, हे इथे प्रथमच नमूद करतो.

यांपैकी अकरा वह्या माझा मुलगा सोहम याने रद्दीवाल्याला घातल्या. बाविशीचा घोडा होता, कुक्कुलं बाळ नव्हता. पुढे तो बदलापूरला राहायला गेला, लग्न केले, राजसी झाली. मी त्याच्या घरी आजवर घोटभर पाणी प्यायलेलो नाही.

४. सबब माझी स्वकष्टार्जित सदनिका विकून येईल ती रक्कम कर्णबधिर मुलांच्या शाळेला द्यावी. सोहमला त्यातली वीटसुद्धा मिळू नये. सिनेमातले शिपाई मेलेल्या सोबत्याचे घड्याळ त्याच्या घरी नेऊन पोचवतात. माझ्या मुलाला आईचे अक्षर स्वतःच्या घरात ठेवता आले नाही.

५. तळमजल्यावरचे शशिकांत. कुमुदिनी गेल्यावर माझा टीव्ही किती मोठ्याने चालतो हे सांगायला कोणी उरले नाही. शशिकांत यांनी वर येऊन सांगण्याऐवजी सोसायटीकडे लेखी तक्रार केली, तीही तीनदा. माझा टीव्ही त्यांना देत आहे. आवाज त्यांनीच कमी करावा.

६. इथवर लिहून भीमराव ओव्हाळ यांना साक्षीदार म्हणून वाचायला दिले. भीमराव चाचणीवर माझ्या जोडीला होता. त्याचा उजवा कान अजून अर्धा चालतो. त्याने दोनदा वाचले, पेन खाली ठेवले आणि कुमुदिनी माझ्याशी बोलायला वापरी त्या पाटीवर लिहिले, "मी सही करनार नाय."

का, म्हणून विचारले. त्याने लिहिले, "त्या दिवशी मी इथंच बसलेलो. रद्दीत घाल, हे तू बोललास. पोरगा नाय." मग पाटी पुसून, "वैनी पन इथंच होत्या."

मी त्याला चालता हो म्हणालो. तो गेला नाही. आत जाऊन स्वतःपुरता चहा करून प्यायला.

७. तर आता खरे लिहितो. २००६ साली खाली अक्षरे येणारी डीव्हीडी आणली. सिनेमा ओळखीचाच. कुमुदिनी नेहमीप्रमाणे बारावी वही उघडून लिहू लागली. कारखान्यातले कागद वाचून वाचून मला तेवढे इंग्रजी येत होते. सार्जंट नुसत्या शिव्या घालत होता. आंबोळ्या कुठेच नव्हत्या, आणि अमेरिकेत त्या कुठून असतील हे मला अठरा वर्षांत एकदाही सुचले नव्हते. पोटात गोळी लागलेला पोरगा तर एक अक्षर न बोलता मेला.

मी भीमरावासमोर ओरडलो, "अठरा वर्षं मला येडा बनवलंस!" तिने पाटीवर लिहिले, "मला तरी कुठं कळत होतं? पण तुम्ही माझ्या हाताकडे बघत बसायचात." ते वाचूनही मी सोहमला सांगितले, हा कचरा आजच्या आज रद्दीत घाल. त्याने बापाचे ऐकले. रिकामा माळा पाहून तिने लिहिले, "बरं झालं, जागा झाली." त्यानंतर तिने माझ्यासाठी एकही सिनेमा लिहिला नाही. अडीच वर्षांनी ती गेली.

एवढ्या वर्षांत सोहम एकदाही म्हणाला नाही की बाबा, तुम्हीच सांगितलं होतं. याचाही मला राग येतो. म्हणाला असता तर मी सुटलो असतो.

८. सबब कलम ४ रद्द. ते खोडत नाही. बाप किती खोटे लिहू शकतो ते सोहमने वाचावे. सदनिका सोहमची. बँकेतली ठेव त्या शाळेला. पाटी राजसीला. कॅसेटी, डीव्हीडी आणि बारावी वही सोहमला.

ही वही त्या दिवशी तिच्या मांडीवर होती म्हणून वाचली. ती निम्मीच भरली आहे. शिपाई ओढ्याकाठी येऊन थांबले आहेत आणि पुढची पाने कोरी आहेत. सोहमने राजसीला शेजारी बसवून, आवाज बंद करून, खालची अक्षरेही बंद करून तो सिनेमा लावावा आणि तिथून पुढे लिहावे. खोटे लिहिले तरी चालेल.

ठिकाण: अंबरनाथ (पूर्व)
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

लिहून देणार: बाळकृष्ण सीताराम नाचणकर (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१) डॉ. वृंदा काळसेकर (सही)
२) भीमराव गणपत ओव्हाळ (सही, दुसऱ्यांदा वाचायला दिल्यावर)