पहिल्या पातळीचा म्हातारा

१२ जानेवारी १९९५

माणूस गेल्यावरही रोज मारला जात असेल, तर तो नक्की कधी गेला म्हणायचा? मला सांगता येत नाही. पदवी घेऊनही नाही!

आज दुपारी विद्यापीठाच्या संगणकखोलीत बसून खेळात शिरले; एकाच वेळी अनेक जण टोपणनावांनी खेळतात तो. या खेळात चित्रं नाहीत, पडद्यावर नुसत्या ओळी. ‘जंगलातली झोपडी. चूल पेटलेली आहे. म्हातारा लाकूडतोड्या बाकावर बसला आहे.’ लगेच खाली – ‘काळाकोल्हा म्हाताऱ्याला चाकू मारतो. म्हातारा खोकतो. म्हातारा मरतो.’

तो म्हातारा म्हणजे माझे बाबा.

१३ जानेवारी

नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यात गुंता होतो.

खेळात जागा बांधायचा हक्क मिळाला की माणूस ‘जादूगार’ होतो. रिवाज असा, की नव्या जादूगाराने आधी नवख्यांसाठी शिकारीचं छोटं रान बांधायचं. मी ऑक्टोबरात बांधलं. उंदीर, ससे, एक लंगडा लांडगा. आणि मधोमध झोपडी, झोपडीत बाबा. तेव्हा ते घरी आजारी होते. मला वाटलं, या खेळात डॉक्टरचा मुलगा आणि लाकूडतोड्याची मुलगी सारखेच – मग आमच्याकडची माणसं कशी बोलतात ते शहरातल्या पोरांना कळू दे. कोणी आत आलं की बाबा म्हणतात, “दार लाव, ऊब जाते.” अगदी घरी म्हणायचे तसं.

चूक एकच झाली. खेळात जे मुद्दाम राखलेलं नाही, ते मारता येतं. ‘याला मारता येणार नाही’ ही राखायची ओळ लिहायला मी विसरले.

डिसेंबरात घरी बाबा खरोखरच गेले. तोवर नवख्यांत बातमी फिरली होती – सशामागे धावावं लागतं, म्हातारा पळत नाही!

१७ जानेवारी

आज तीनदा पाहिलं. मरतात. थोड्या वेळाने पुन्हा बाकावर. “दार लाव.”

२० जानेवारी

युर्की – आमच्यातला थोरला जादूगार, शेजारच्याच खुर्चीत बसतो – म्हणाला, “अगं, घाल ना ती ओळ! तुझा म्हातारा म्हणजे नवख्यांचा खाऊ झालाय.”

“घालते.”

“आठवडाभर घालतेयस!”

घातली नाही. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. राखले तर ते मरणार नाहीत. मेलेच नाहीत, तर परत कसे येतील? ‘म्हातारा लाकूडतोड्या आत येतो’ – ही ओळ उमटते ना, तेवढ्यासाठी मी बसून राहते. दर वेळी मानेवर काटा येतो. कधीकधी वाटतं, बाहेर बर्फात कुठेतरी ते खरंच चालत निघालेत, आणि ही ओळ म्हणजे त्यांचं पाऊल.

२१ जानेवारी

पुन्हा गेले. पुन्हा आले.

२८ जानेवारी

फोनवर आईला सांगून बसले. कशाला सांगितलं!

“मशीनमध्ये? माझा तौनो? अन् बोलतो?” बाबांना ती नावानेच हाक मारायची.

“दोन-तीन वाक्यं, आई.”

“तो तसाही दोन-तीनच बोलायचा.” मग – “पुढच्या शनिवारी येते.”

४ फेब्रुवारी

आई बसने आली. चर्चला घालायचा कोट, थर्मासमध्ये कॉफी, फडक्यात राय धान्याची काळी भाकरी. युर्कीचा हात हातात घेऊन म्हणाली, “तूच का तो जादूगार? जेवत जा रे जरा.”

चष्मा चढवून बसली. मी झोपडीत शिरले. ‘म्हातारा म्हणतो: दार लाव, ऊब जाते.’ आई मोठ्याने हसली. “मग लाव ना गं! का उभी आहेस?” मी दार लावलं. आईने पडद्यावर तळवा ठेवला. काढेचना.

तेवढ्यात वीजपुत्र नावाचा कोणी दार ढकलून आला. चाकू. खोकला. संपलं. मला वाटलं आई रडेल. ती चिडली!

“हा कोण?”

“नवखा आहे. शिकार करतो.”

“भाकरी कापायच्या चाकूने? तौनोला?”

“पहिल्या पातळीचे आहेत ते, आई. सगळ्यात दुबळी पातळी.”

“कोणी ठेवलं तिथे?”

“मी.”

तिने चष्मा काढला. “हा तौनो नव्हे. हा त्याचा शेवटचा हिवाळा. तू तेवढाच लक्षात ठेवलास? अगं, खांद्यावर ओंडका टाकून गोठलेलं तळं पार करायचा तो माणूस!” मी खेळातून बाहेर आले. बसथांब्यावर माझा मफलर आवळत म्हणाली, “ताकद दे त्याला, पोरी. निदान एकाला तरी दाराबाहेर फेकू दे. अन् मला फोनवर सांगत जा, कोणाला फेकलं.”

९ फेब्रुवारी

ताकद दिली. खोकला काढला, हातात कुऱ्हाड दिली. संध्याकाळपर्यंत नवखे जागोजाग आडवे! युर्की ओरडला, “तुझा बाप सगळं रान ओसाड करतोय!” मी हसले. किती दिवसांनी! मग तो हळूच म्हणाला, “इथे नाही चालणार गं हे. डोंगरात हलव. मुरलेल्या खेळाडूंच्या शिकारीत.”

१३ फेब्रुवारी

हलवले. आज पाहिलं.

शिकार जितकी बलवान तितके गुण जास्त, आणि तितकी टोळी मोठी – हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाबांनी चौघांना लोळवलं. मग सगळ्यांनी मिळून त्यांना. टोळी गेली नाही, दाराशीच बसून राहिली. ते परत आले, पुन्हा तेच. एकाने लिहिलं, “मस्त म्हातारा आहे! उद्याही येऊ.”

“राखून टाक त्याला,” युर्की म्हणाला. राखले तर लढाईच होत नाही: मार खाणार नाहीत, पण कोणाला फेकणारही नाहीत. बाकावरचा बाहुला! आईला काय सांगू?

“मग काढून टाक.”

“तसं बोलू नकोस.”

त्याने आपल्या कपातली अर्धी कॉफी माझ्या कपात ओतली.

१८ फेब्रुवारी

आईचा फोन. “काय म्हणतोय?” मी म्हटलं, आज तिघांना बाहेर फेकलं, एकाची टोपी आतच राहिली. आई हसता हसता धापा टाकायला लागली. “आणखी सांग,” म्हणाली. मी आणखी सांगितलं. पुढच्या शनिवारीही सांगेन.

बाबांना मी मंगळवारीच काढून टाकलं.