ब्रॉडबँडला आमचा पहिला नकार

ती. तोकिएताईस,

इसाकुचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची रेडिओवरची कवायत चालू असेलच. इकडे देवदारांचे पराग उडताहेत आणि सगळी वाडी शिंकते आहे (आपलं घर पहिलं, म्हणून बहुधा शिंकायलाही माझीच वाट बघतात).

गेल्या शरदात नगर कचेरीने घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर विचारलं, ब्रॉडबँडची लाइन हवी की नको. मला हवी होती. मिसुझु साप्पोरोहून सारखी सांगायची, बाबा, लाइन घ्या, नात रोज दिसेल. पण पहिल्याच विचारण्याला 'हवी' म्हणायचं? आईने आपल्याला असं वाढवलेलं नाही. लोकांकडे आपण चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय प्यायलो नाही. म्हणून मी अदबीने 'नको' लिहिलं, शिक्का मारला आणि कचेरी पुन्हा विचारेल म्हणून वाट बघत बसलो. माझा शिक्का पाहून उरलेल्या अठरा घरांनीही 'नको' लिहिलं (त्यातल्या एकाने कॉम्प्युटर आधीच आणून ठेवला होता). कचेरीने पुन्हा विचारलंच नाही. डोंगरापलीकडे ओकुदानीत पहिलं घर कुमागाएचं. त्याच्यावरचे संस्कार तुला माहीतच आहेत. त्याने सरळ 'हवी' लिहिलं, आणि मग तिथे सगळ्यांनाच हवी झाली, त्यात एक बंद पडलेलं देऊळही आलं.

पुढे कचेरीने नकाशा छापला. ओकुदानी हिरवं, आपण लाल. एवढा फरक का, हे शोधायला विद्यापीठातल्या एक बाई आल्या. त्यांनी आमची वयं विचारली, उतार मोजले, मुळ्याचं लोणचं खाल्लं आणि शेवटी विचारलं की तुमच्या खोऱ्याने संथ जगणं समजून-उमजून निवडलंय ना? इतक्या आशेने विचारलं की मला नाही म्हणवेना. मी शांततेवर तासभर बोललो. बाईंचे डोळे भरून आले. ते सगळं छापून आलं, आणि आता शहरातून माणसं आमची शांतता ऐकायला येतात आणि दिवसभर मोठ्यांदा बोलतात. शेजारच्या सुमिएआजी, वय ब्याऐंशी, परवा कुंपणावरून एवढंच म्हणाल्या, "इसाकुसान, तुमच्या त्या शांततेत माझा नातू दिसत नाही हो."

आता वीस तारखेला पाटी पुन्हा येणार आहे, शेवटची. दहा 'हवी' मिळाले नाहीत तर लाइन कायमची दुसरीकडे जाईल. सुरुवात अर्थात माझ्यापासून. पण छापून आलेल्या माणसाने शब्द कसा फिरवायचा? मी माझ्या मतावर ठाम आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा,
इसाकु

ता. क. ताई, तू थोरली आहेस. लाइन घे म्हणून मला आग्रहाचं पत्र लिही. मी ते सभागृहात सगळ्यांना वाचून दाखवीन आणि नाही म्हणेन. दुसरं लिही, तेव्हाही नाही म्हणेन. तिसऱ्यात चांगलं झापून काढ, म्हणजे माझा नाइलाज होईल. तारखा वेगवेगळ्या टाक, पण तिन्ही एकाच पाकिटात पाठव.

ता. क. २. तुझा वेळ जाऊ नये म्हणून माझे दोन्ही नकार सोबत जोडले आहेत.

ता. क. ३. नात हिओरी काल चार पावलं चालली. मिसुझुने फोन जमिनीवर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आली. फार वाईट वाटलं गं. तिसरं पत्र आधी लिहायला घे.