टोकेपर्यंत अंगठा नाही

बाई,

आज शनिवार, दुपारचे चार वाजत आले आहेत. चंद्रपूरच्या बसस्थानकावर मुलचेऱ्याच्या गाडीची वाट पाहतो आहे आणि सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागली आहे. विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना अर्ज कसा लिहायचा ते शिकवून आलो. तिथल्या मॅडमनी बोलावलं तेव्हापासून एकच धास्ती होती. कोणी माझं शिक्षण विचारलं तर?

शाळा कायमची सुटल्यावर तहसीलसमोर, लोकांचे अर्ज लिहायच्या तुमच्या टेबलाशी आलो, तेव्हाचा पहिला अर्ज आठवतो. म्हातारा समोर उकिडवा बसलेला. मी लिहिलेलं वाचतो आहे, तो प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणतो आहे. तुम्ही कागद ओढून घेतला. "काऊन रे, ह्याचे बैल कुठी गेले? 'सदर पशुधन' म्हणजे काय, ह्याले मालूम आहे का? हाव हाव करून राह्यला म्हणजे ऐकून नाई राह्यला. पुन्हा लिही. तो टोकेपर्यंत अंगठा घ्यायचा नाई."

आज वर्गात तेच केलं. एका मुलीच्या घरच्या बांध्यांमधलं उभं धान रानडुकरांनी खाल्लं होतं. शेजारच्या मुलानं तिच्या वडिलांसाठी भरपाईचा अर्ज लिहिला आणि तिला वाचून दाखवला. "वन्यप्राण्यांच्या उपद्रवाने अपरिमित नुकसान" ऐकून तिनं त्याला थांबवलं.

"बांध्या किती गेल्या ते कुठी लिहिलं?"

"येते ना ते अपरिमितमध्ये."

"मंग पैसेबी अपरिमित देतील का?"

वर्ग हसला. त्यानं खोडलं आणि तिला विचारत विचारत पुन्हा लिहिलं. शेवटी त्यानंच विचारलं, "सर, तुम्ही एलएलबी कुठून केलं?" खडू खाली ठेवला. म्हणालो, "नाही केलं. बारावीत राहिलो." मग ती मुलगी म्हणाली, "पण पुढच्या शनिवारी येता ना सर? मी लिहिलेला अर्ज वाचायचा राह्यला आहे."

एवढंच झालं. ज्याला इतकी वर्षं भीत होतो ते एवढंच होतं. मुलांना मी "आमच्या बाई असं करतात" म्हणून सांगितलं. तुम्ही गेलात हे सांगवलं नाही. हा कागद आत्ता मोठ्यानं वाचून पाहिला. शेजारच्या बाकावरचे दोघे बघत राहिले, टोकलं कोणीच नाही. म्हणून खाली सही केलेली नाही.